स्टेटसवरचा मर्द

कोल्हापूर विमानतळाच्या धावपट्टीला खेटून एक गाव आहे, गडमुडशिंगी. पुण्या-मुंबईच्या मंडळींची जीभ हे नाव घेताना किमान दोनदा अडखळते. करवीर तालुक्यातलं गाव. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची होलसेल कापडपेठ, गावात गोकुळचा पशुखाद्य कारखाना आणि जवळच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. म्हणजे धड खेडं नाही, धड शहर नाही. विमानतळाच्या विस्तारासाठी या गावाची जमीन गेली. विमानं डोक्यावरून जातात, पण त्यात बसायचा योग गावातल्या किती पोरांना येतो, हा प्रश्न वेगळा.

घाबरू नका, तिथे काही भानगड झालीय म्हणून हे नाव घेतलेलं नाही. उलट अगदी साधं, चारचौघांसारखं गाव आहे म्हणून घेतलंय. कारण अशाच एखाद्या गावात आपल्यातल्या निम्म्या लोकांचा एक मावसभाऊ राहतो. आपण हिंजवडीत किंवा ऐरोलीत लॅपटॉपसमोर बसतो, तो तिथेच राहिलेला असतो. लहानपणी सुट्टीत त्यानं आपल्याला विहिरीत पोहायला शिकवलेलं असतं. आणि आज तो ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आहे, तो ग्रुप आपण म्यूट करून ठेवलेला असतो.

तर समजा, हा आपला मावसभाऊ. वय २७. बीकॉम झालाय. एमआयडीसीत कंत्राटावर शिफ्ट करतो. रात्री जेवण झालं की खाटेवर आडवा होतो आणि फोन उघडतो. काय बघतो? सुरुवातीला अगदी निरुपद्रवी गोष्टी. दंड कसे कमवायचे, छाती कशी भरायची. आपणही बघतो की! मग एक डायलॉगवाली रील येते. गॉगल, बुलेट, मागे ढोल आणि वर ‘नाद करायचा नाय’. मग कोणीतरी इंग्रजी-हिंदीत ‘सिग्मा’चा फंडा सांगतो. खरा मर्द एकटा असतो, रडत नाही, कोणाला विचारत नाही. पुढची रील सांगते की पोरी फक्त पैशामागे जातात. त्याच्या पुढची सांगते की आपल्या पोरी ‘ते’ पळवतात. तिच्यापुढे तलवारी, भगवं आभाळ, डीजेचा ठोका. आणि मध्यरात्रीच्या सुमाराला एक जण शांत आवाजात समजावतो, की या देशाला निवडणुका-बिवडणुका नकोत, एक दांडा असलेला माणूस हवा.

दंडाच्या व्यायामापासून दांड्यापर्यंतचा हा प्रवास एका रात्रीत होत नाही. पण वाटतो तितका लांबही नसतो. २०२४मध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी टिकटॉक आणि यूट्यूब शॉर्ट्सवर तरुण मुलांच्या नावाने नवी कोरी खाती उघडून पाहिली. पहिल्या २३ मिनिटांच्या आत सगळ्या खात्यांसमोर ‘मर्दानगी’ शिकवणारा, बायकांना नावं ठेवणारा मालमसाला येऊन पडला होता. त्या मुलांनी तो मागितला होता का, याने फरक पडला नाही. टिकटॉक आपल्याकडे २०२०च्या जूनमध्ये बंद झालं. शॉर्ट्स आणि रील्स आहेत आणि त्यांचं गणित तेच आहे. माणूस किती वेळ थांबला, एवढंच यंत्र मोजतं. तो हसून थांबला की चिडून थांबला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि चिडलेला माणूस जास्त वेळ थांबतो, बॉस!

यातली एक गंमत बघा. सिग्मावाल्या रील्समध्ये तो सुटाबुटातला, थंड डोळ्यांचा गोरा हीरो दिसतो ना? तो ‘अमेरिकन सायको’ या २००० सालच्या सिनेमातला आहे. सिनेमा काढला मेरी हॅरन या बाईंनी आणि काढला तो अशा पुरुषी माजाची टर उडवायला. पोरांनी टर काढून टाकली आणि माज स्टेटसला लावला. ‘इन्सेल’ या शब्दाचीही हीच कथा. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या एका बाईने एकट्या पडलेल्या सगळ्यांसाठी, बाया आणि बुवे दोघांसाठी, नेटवर एक पान सुरू केलं. शब्द तिथून आला. पुढे तो फक्त बायकांवर दात खाणाऱ्या पुरुषांचा झाला. २०१८च्या एप्रिलमध्ये टोरांटोत त्याच शब्दाचा झेंडा घेऊन एकाने फुटपाथवरच्या माणसांवर व्हॅन घातली.

आता तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं खूळ. आमचा मावसभाऊ तसला नाही. बरोबर, नाहीच. पण एक खरी गोष्ट त्याला टोचते आणि ती रील बनवणाऱ्यांना आपल्याआधी कळलीय. त्याचं लग्न जमत नाही.

याचं कारण त्याच्या चेहऱ्यात नाही, जनगणनेत आहे. २००१ साली कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा ९१३ होता. पन्हाळा तालुक्यात तर ७९५. निसर्गाच्या हिशोबाने हजारामागे साधारण साडेनऊशे मुली असायला हव्यात. म्हणजे दर हजार पोरांमागे शंभरावर पोरी जन्मालाच आल्या नाहीत. उसाचा, दुधाचा, सहकाराचा, शाहू महाराजांचा हा सधन जिल्हा. सोनोग्राफी मशीनला पैसे होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा १९९४ला आला. तरी हे झालं. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं नजर ठेवणारं यंत्र बसवायची मोहीम याच जिल्ह्यात निघाली, ती उगीच नव्हे.

२००१ साली शून्य ते सहा वर्षांची असलेली ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. म्हणजे आपला मावसभाऊ. त्याची बायको कोणी पळवलेली नाही. ती त्याच्याच आधीच्या पिढीने दवाखान्याच्या पडद्याआड संपवली. उरलेल्या ज्या मुली आहेत त्या शिकल्या. त्यांना पुण्यातला, पगाराची स्लिप असलेला नवरा हवा. म्हणजे मंडळी, राग मानू नका, त्या स्पर्धेत त्याच्यासमोर तुम्हीच उभे आहात.

ही गोष्ट पचवायला जड आहे. बापाला विचारायची सोय नाही. आईला विचारलं तर ती रडेल. मग फोन सोपं उत्तर देतो. दोष पोरींचा. त्या ‘गोल्ड डिगर’. किंवा दोष ‘त्यांचा’. ते पळवून नेतात. लाज वाटत होती, तिचा अपमान झाला. लाज माणूस एकटा गिळतो. अपमानाला मात्र बदला लागतो, बदल्याला टोळी लागते आणि टोळी तर फोनमध्ये तयारच असते.

याच दुखण्याचं दुसरं रूप बघा. २०२२च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मोर्चा काढला होता, आठवतो? फेटे, मुंडावळ्या, घोडे, वाजंत्री, वरात थेट जिल्हाधिकारी कचेरीवर. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ हसत हसत फॉरवर्ड केला. पण त्यांच्या निवेदनात काय होतं, ते किती जणांनी वाचलं? गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची नीट अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. म्हणजे आपल्या दुःखाचं खरं कारण त्या नवरदेवांना बरोबर ठाऊक होतं. ते रस्त्यावर आले, अर्ज दिला, हसू झालं ते सोसलं आणि घरी गेले. माझ्या मते त्या आठवड्यातले सगळ्यात मर्द पुरुष तेच होते.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, ६ जून २०२३. शिवराज्याभिषेकाच्या ३५०व्या वर्षाचा दिवस. कोल्हापुरात काही पोरांनी टिपू सुलतान आणि औरंगजेबावरून आक्षेपार्ह स्टेटस ठेवलं. ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्यात अल्पवयीन मुलंही होती. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बंदची हाक आली, शिवाजी चौकात जमाव जमला. दगडफेक झाली, दुकानं फुटली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला आणि शेवटी जिल्ह्याचं इंटरनेटच बंद केलं गेलं. स्टेटस म्हणजे काय हो? २४ तासांनी आपोआप पुसलं जाणारं चित्र. पण त्याच्यापायी ज्यांच्यावर केसेस लागल्या, त्यांच्या कोर्टाच्या तारखा २४ तासांत पुसल्या जात नाहीत. पासपोर्टसाठी, नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला काढायला गेलं की त्या पुन्हा वर येतात.

या प्रकारात एक गोष्ट दोन्हीकडचे लोक सोयीने विसरतात. स्टेटस ठेवणारं पोरगं आणि त्याच्यासाठी दगड उचलणारं पोरगं, दोघं एकाच शाळेत शिकवणी घेऊन आलेली आहेत. एकाला सांगितलंय, तू वाघ आहेस, दाखव त्यांना. दुसऱ्यालाही सांगितलंय, तू वाघ आहेस, दाखव त्यांना. पार्श्वसंगीत वेगळं, झेंडा वेगळा, धडा सेम टू सेम. इतिहासातला राजा दोघांनाही हवाय तो राज्यकारभारासाठी नाही, डीपीसाठी.

आणि हे फक्त गावाकडच्या पोरांचं लफडं आहे असं समजून एसीचा रिमोट उचलू नका. १ जानेवारी २०२२ला ‘बुल्ली बाई’ नावाचं एक अॅप उघडकीला आलं. शंभरावर मुसलमान बायकांचे, त्यात पत्रकारही होत्या, फोटो लावून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडला होता. मुंबई पोलिसांनी बंगळुरूतून उचलला तो २१ वर्षांचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. दिल्ली पोलिसांनी आसामातून पकडला तो २० वर्षांचा, तोही इंजिनीअरिंगचाच. उत्तराखंडातून एक १८ वर्षांची मुलगीही ताब्यात आली. म्हणजे ही मर्दानगी मुलींनाही चढते. कोड लिहिता येणाऱ्या, उद्या कदाचित आपल्याच टीममध्ये बसले असते अशा पोरांचं हे काम. त्याआधी २ जून २०१४ला पुण्यात हडपसरला काय झालं होतं? फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फिरली आणि त्या रागात मूळचा सोलापूरचा, पुण्यात आयटीत नोकरी करणारा एक तरुण नमाजाहून परतताना मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढंच निमित्त. २०२३च्या जानेवारीत कोर्टाने सगळे आरोपी पुराव्याअभावी सोडले. तोही यंग प्रोफेशनलच होता, आपल्यासारखा.

बरं, यात लोकशाही कुठे आली? ‘पोरं भांडतात, पोलीस बघून घेतील’, असं म्हणायची आपली सवय आहे. पण खरी मेख इथेच आहे.

लोकशाही ही तशी भयंकर बोअरिंग गोष्ट आहे. तिच्यात अर्ज करावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, समोरच्या मूर्खाचं ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे हरावं लागतं. हरून घरी जायचं, पुन्हा तयारी करायची आणि पाच वर्षांनी परत यायचं. आणि जो रोज रात्री दोन तास शिकतोय की मर्द कधी हरत नाही, मर्द कोणाला विचारत नाही, मर्दाशी कोणी वाद घातला तर तो अपमान असतो, त्याला ही पद्धत बुळचट वाटणारच. त्याला बदल नको असतो, बदला हवा असतो. लोकशाहीत फक्त बदल मिळतो, तोही हप्त्याहप्त्याने.

प्यू रीसर्च सेंटरने २०२३मध्ये जगभर एक पाहणी केली. संसद किंवा कोर्टाची आडकाठी नसलेला ताकदवान नेता चांगला की वाईट, असा एक प्रश्न होता. भारतातल्या ६७ टक्के लोकांनी ‘चांगला’ म्हटलं. २०१७मध्ये हाच आकडा ५५ होता. हा वाढलेला सगळा आकडा रील्सच्या खात्यावर टाकता येणार नाही. महागाई आहे, बेकारी आहे, तारखांवर तारखा देणारी कोर्टं आहेत. पण ज्या प्रश्नाला घरातलं, कचेरीतलं, पक्षातलं कोणीच उत्तर देत नाही, त्याला रात्री साडेअकराला ९० सेकंदांत उत्तर देणारा कोणीतरी आहे, ही या काळाची नवी सोय आहे.

आणि गंमत म्हणजे मर्दानगीचा अस्सल ब्रँड तर कोल्हापूरचाच! तालीम, लाल माती, तांबडा-पांढरा, मर्दानी खेळ. नाद खुळा! पण त्या जुन्या मर्दानगीचं मॅन्युअल जरा उघडून बघा. तालमीत पोरगा शिरला की त्याला डाव नंतर शिकवतात, आधी माती उकरायला लावतात. वस्ताद असतो, त्याचा शब्द असतो. कुस्तीच्या आधी समोरच्याच्या हाताला हात लावायचा, माती लावायची. आणि चितपट झालं की झालं. आभाळ बघितलेला पैलवान मैदानातच उठून उभा राहतो, जिंकलेल्याला भेटतो, आणि पुढच्या जत्रेची तयारी करतो. हजारो लोकांसमोर हरायचं शिक्षण देणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. फोनमध्ये वस्ताद नाही, माती नाही, समोरचा माणूसच नाही. तिथे फक्त शड्डू आहे.

शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं, तेव्हाची मोठी कुस्ती झाली ती गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. छत्रपतींच्या राजधानीत पंजाबचे मुसलमान पैलवान लढले आणि करवीरकरांनी ती कुस्ती डोक्यावर घेतली. महाराज स्वतः धिप्पाड, कुस्तीचे षौकीन. आणि याच धिप्पाड माणसाने १९०२ला ५० टक्के जागा मागासांसाठी राखल्या, १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ला आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा केला. ताकद कशासाठी वापरायची, याचं इतकं स्वच्छ उत्तर घरात असताना पोरं ते बाहेरच्या गॉगलवाल्याला विचारतायत!

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचंच आहे असंही नाही. २०२२च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. कोणी तलवार काढली नाही. गावातली माणसं बसली, बोलली, हात वर झाले, इतिवृत्तात नोंद झाली. याची रील फारशी चालली नसणार. हात वर करण्यात थ्रिल काय? पण हेरवाडच्या बाईच्या आयुष्यात त्या वर केलेल्या हाताने जो फरक पडू शकतो, तो एक हजार ‘वाघांच्या’ स्टेटसने पडत नाही.

मग आपण काय करायचं? मावसभावाला लेक्चर झोडायचं? अजिबात नाही. ‘तू ब्रेनवॉश झालायस’ म्हटलंत की तुमचाही नंबर ब्लॉक. त्याला आधीच वाटतंय की शहरातले त्याला येडा समजतात. तुम्ही ते सिद्ध कराल.

त्यापेक्षा त्याला फोन लावा. फॉरवर्ड नको, फोन. ‘काय भावा, शिफ्ट कुठली हाय?’ इथून सुरुवात करा. कंत्राट कायम होईल का, स्थळाचं काय झालं, गुडघा दुखत होता तो कसा आहे, हे विचारा. त्याच्या खऱ्या दुखण्याबद्दल त्याच्याशी शेवटचं कोण बोललं होतं? बहुतेक त्याचा अल्गोरिदमच. तो जेव्हा म्हणेल, ‘दादा, तुमचं बरं हाय, तुम्हाला पोरी मिळत्यात’, तेव्हा विनोदावर नेऊ नका. त्याला ते ८३९ सांगा. ती त्याची चूक नाही आणि पोरींचीही नाही, हे ऐकायची त्याला गरज आहे.

दुसरं, म्यूट केलेला तो ग्रुप उघडा. रोज नको, ब्लड प्रेशरचा प्रश्न आहे. पण एखादा खोटा व्हिडिओ पडला की एका ओळीत, चढा आवाज न करता, ‘हा जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे’ एवढं लिहा. गप्प बसणारे ४० जण ते वाचतात.

आणि तिसरं, सगळ्यात बोअरिंग. कायद्याने प्रत्येक गावाला वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी बायकांची वेगळी सभाही घ्यायची असते. तुमचं नाव अजून गावच्या मतदार यादीत असेल तर पुढच्या सुट्टीत मावसभावाला बरोबर घेऊन तिथे जाऊन बसा. पंखा बंद असेल, माईक खरखरेल, कोणीतरी गटारीवरून अर्धा तास बोलेल. तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारायला लावा. विमानतळाचा असो, एमआयडीसीतल्या भरतीचा असो नाहीतर गावातल्या मुलींच्या आकड्याचा. हात वर करायचा, नाव सांगायचं, प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचं. उत्तर पटलं नाही तर पुढच्या सभेला परत यायचं.

चारचौघांत उभं राहून, आवाज न चढवता, हरायची तयारी ठेवून बोलायला जी छाती लागते ना, ती जिममध्ये भरत नाही.